पाठीला भोक असलेली देवी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मी सगळ्यात जास्त रेंगाळलो तो मातीच्या लहानशा देव्यांपाशी. ऱ्होड्स बेटावरच्या कामिरॉस गावच्या, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या. आसनावर ताठ बसलेल्या, हात गुडघ्यांवर. माझं बालपण कोकणातल्या मसुऱ्यात, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या शाळेत माती तुडवण्यात गेलं, त्यामुळे नजर आधी कामाकडे गेली. पुढची बाजू साच्यातली, पाठ नुसतीच लिंपलेली. आमच्याकडेही पाठीवर कोण वेळ घालवतो?

गावी आल्यावर शाळेतल्या काकांना अशाच एका पोकळ ग्रीक मूर्तीचा पाठीकडून काढलेला फोटो दाखवला. ते म्हणाले, "पाठीक ह्यां भोक कित्याक रे?" भट्टीत आतली वाफ कोंडून मूर्ती तडकू नये म्हणून, असं मी सांगितलं. काका म्हणाले, "आमका भाजूचाच नाय, मगे भोक कित्याक?"

सगळा फरक त्यात आला. ग्रीक भक्त डिमीटरसारख्या धान्यदेवीला भाजलेल्या मूर्ती वाहत. देवस्थानात दाटी झाली की त्या फेकत नसत, आवारातच खड्डा करून पुरत. म्हणून आज त्या हजारोंनी सापडतात. आपली मूर्ती मात्र पाण्यात विरघळायलाच हवी.

तरी एक कच्ची देवी आपल्याकडेही टिकली आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून उत्खनन केलं. तिथे एका घराच्या जमिनीखाली, मातीच्या डबीसोबत, शिर नसलेली देवी आणि बैल सापडला. वय तीन हजार वर्षांहून जास्त. देवीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्रं आहेत. काडी घालून तिला बैलावर बसवता येतं. हे सगळं न भाजलेल्या मातीचं! मला कामिरॉसपेक्षा ही जवळची वाटते. कुणाच्या तरी घरातली, बोटांनी वळलेली.

काही देव्या घडवाव्याही लागत नाहीत. आमच्या मसुऱ्यात आंगणेवाडीची भराडी देवी म्हणजे स्वयंभू पाषाण. कोकणात सातेरी देवीच्या कितीतरी देवळांत तर वारूळच पुजतात. तिथे माती म्हणजेच देवी, घडवायचं काही उरतच नाही. आंगणेवाडीच्या जत्रेला लाखो माणसं येतात. तुम्ही आलात तर वाट वाकडी करून असं एखादं वारूळही पाहून जा.