कोणती लस आधी?

राळेगाव

प्रिय सुनंदा,

डॉक्टरांनी लिहून दिलेली लसींची यादी मिळाली. सगळ्याच घ्यायच्या तर कापसाच्या पैशातून बरीच रक्कम जाईल, तेव्हा आधी कोणती घेऊ, असं तू विचारलंस. पुढे लिहिलंस की या नव्या लसी शहरातल्या लोकांसाठी असाव्यात, आपल्याकडे त्यांचं काय काम! तुझ्या या शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. शहरात आजार लवकर कळतो आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची रीत, आणि मोठ्या उपचाराला सेवाग्राम नाही तर नागपूर गाठावं लागतं. जो आजार उशिरा कळतो आणि ज्याचा उपचार लांब आहे, त्याची लस आपल्यालाच जास्त हवी. मी तुझी यादी याच हिशेबाने लावते आहे.

पैसे काढण्याआधी मुलांची लसीकरणाची कार्डं काढून बघ. जुलाबावरची रोटा, न्यूमोनियाची पीसीव्ही, गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस हे सगळं सरकारी केंद्रात फुकट मिळतं. पाच-सहा वर्षांचा बूस्टर आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची टीडीही तिथेच मिळते. यातलं काही राहिलं असेल तर ते आधी. 2022 मध्ये मुंबईत गोवराने मुलं दगावली, ती जुनी, फुकटची लस राहून गेलेल्या वस्त्यांत.

विकतच्या लसींत माझ्या मते पहिला मान एचपीव्हीचा, म्हणजे पोरीला गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या लसीचा. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात वर्षाला सुमारे 1 लाख 27 हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास 80 हजार जणी त्याने जातात. हा कॅन्सर वर्षानुवर्षं हळूहळू तयार होतो, त्यामुळे तपासणीत आधीच सापडू शकतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या शंभरातल्या दोघींचीही अशी तपासणी झालेली आढळली नाही. मग हाती उरते लस. ती विषाणू अंगात शिरण्याआधीच खरी उपयोगी, शिरल्यावर त्याला बाहेर काढत नाही. म्हणून नऊ ते चौदा हे वय. ‘एवढ्याशा पोरीला असल्या आजाराची लस कशाला?’ असं सासूबाई म्हणतात ना? विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरं, पण तो लग्नानंतर नवऱ्याकडूनही येतो. पोरीच्या वागणुकीवर शंका घेण्याचा यात प्रश्नच नाही. लसीमुळे मूल होत नाही ही भीतीही निराधार आहे. उलट या कॅन्सरच्या उपचारात कित्येक बायकांची पिशवीच काढावी लागते.

पुरावा परदेशातला आहे, आपल्या पोरींचं काय, असं कुणी म्हटलं तर त्यांना बार्शीचं सांग. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींत हा कॅन्सर 88 टक्क्यांनी कमी आढळला, ते आहेच. पण एक डोस पुरतो हे दाखवण्यात मोठा वाटा आपल्याकडच्या मुलींचा आहे. 2009 साली बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलसह देशातल्या काही केंद्रांत 10 ते 18 वर्षांच्या मुलींवर दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास सुरू झाला. 2010 मध्ये सरकारने लसीकरण मध्येच थांबवलं, त्यामुळे सुमारे 5 हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. 2021 मध्ये निष्कर्ष आले: कॅन्सर करणाऱ्या दोन मुख्य प्रकारांचा चिवट संसर्ग रोखण्यात एक डोस सुमारे 95 टक्के परिणामकारक, म्हणजे तीन डोसांच्या तोडीचा. 2022 च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनेही 9 ते 20 वर्षांच्या मुलींना एक डोस चालेल असं म्हटलं. आपले डॉक्टर दोन सांगतील, तेही चूक नाही. पण पैशाअभावी दोन जमत नाहीत म्हणून एकही न घेणं मला पटत नाही.

लसीकरण थांबवलं का गेलं, हेही तुला कळायला हवं. खम्मम आणि वडोदऱ्यात याच लसीच्या दुसऱ्या एका प्रकल्पात सात मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक अशी कारणं निघाली, लसीशी संबंध जोडता आला नाही. पण आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. तो राग रास्तच होता. आपल्या जिल्ह्यातलं घाटंजी तालुक्यातलं कापसी-कोपरी तर तुला आठवत असेलच. 31 जानेवारी 2021 ला 12 लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, पण कितीतरी आयांचा विश्वास तेव्हा डळमळला असेल. दोन्हीकडे चूक माणसांची होती, आणि अशी चूक आईने नीट पाहिलं, विचारलं तर बरीचशी टळते. लस टोचण्याआधी कुपी हातात घेऊन नाव आणि मुदत वाच. एचपीव्हीची लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते आणि एकदा गोठली की वाया जाते, म्हणून मेडिकलमधून आणणार असशील तर ती बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवली होती का आणि लाईट गेल्यावर काय करतात, ते बेधडक विचार. टोचल्यावर पोरीला पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेव. या वयात सुई पाहूनच काहींना भोवळ येते.

दुसरा नंबर टायफॉइडच्या नव्या कॉन्जुगेट लसीचा, पोरीला आणि मुलाला दोघांनाही. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्येच ती मुलांना सरकारी खर्चाने द्यायला सुरुवात केली. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तिथे तर ती हवीच, आणि एका डोसात काम भागतं. कांजिण्यांची लस चांगली आहे, पण धडधाकट मुलात तो आजार बहुधा सौम्य जातो, ती पुढच्या वर्षावर टाकली तरी चालेल. फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते. मुलाला दमा नाही, तेव्हा ती सध्या राहू दे.

एचपीव्हीची देशी लस पुण्याच्या सीरमने 2023 मध्ये आणली. बाजारात तिच्या एका डोसाला तेव्हा सुमारे 2 हजार पडत होते. सरकारी केंद्रात पोरीच्या वयाला फुकट मिळते का, ते आधी आशाताईला विचार. मिळत असेल तर तिथेच घे. नसेल तर निम्मे पैसे मी देते. दोघांच्या कार्डांचे फोटो या आठवड्यात पाठव, मुलाच्या गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसाची तारीख मला बघायची आहे.

तुझी,
ताई