असं इथे कुणी नाही

महिन्याची सहा तारीख, सकाळी साडेनऊ. अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन. "अरे, हजेरीचं पान परत उघडत नाहीये." मी माझ्या जागेवरून ब्राउझरमध्ये 'हजेरी.इंटरनल' टाकलं. उघडलं. "माझ्याकडे तर चालतंय," मी म्हणालो. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

भोसरीतला सुट्या भागांचा कारखाना, आणि मी तिथला एकुलता एक आयटीवाला. आमच्याएवढ्या कारखान्यात सात तारखेच्या आत पगार व्हायला हवा असा कायदा आहे, आणि पगार काढायला त्या पानावरून हजेरी उतरवावी लागते. मागच्या महिन्यात मॅडम त्यासाठी रात्री आठपर्यंत थांबल्या होत्या. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं की नेटवर्क ठीक आहे, मॅडमना कॉम्प्युटर फारसा जमत नाही.

त्या दिवशी मात्र उठून त्यांच्या टेबलाशी गेलो. आयपी पत्ता टाकला तर पान उघडत होतं, नावाने नाही. म्हणजे घर जागेवर होतं, पत्ता सांगणारा चुकत होता. पण एनएसलुकअप चालवलं तर उत्तर बरोबर! इथे माझ्यासारखे बरेच जण फसतात. एनएसलुकअप थेट यादीतल्या पहिल्या डीएनएस सर्व्हरला विचारतं. विंडोजने आधीची उत्तरं जिथे साठवून ठेवलेली असतात, तिकडे ते बघतही नाही. ब्राउझरची भिस्त मात्र त्याच साठ्यावर.

हॉस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाकून मोकळं व्हावं असं वाटलं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडण्याआधी अख्खं आर्पानेट अशा एकाच यादीवर चालायचं. पण उद्या सर्व्हरचा पत्ता बदलला की ती ओळ गुपचूप खोटी ठरणार, आणि मॅडम परत आठपर्यंत थांबणार.

तेवढ्यात मॅडमनी वही पुढे केली. पान कधी बंद पडलं, त्याच्या तारखा आणि वेळा. सगळ्या दहाच्या आतल्या. "मागच्या महिन्यातच सांगितलं होतं तुला, दहानंतर कधीच होत नाही म्हणून."

दहापर्यंत आमच्या जुन्या सर्व्हरवर बॅकअप चालतो. डीएनएसही त्याच मशीनवर. मी आयपीकॉन्फिग ऑल टाकलं. डीएनएस सर्व्हर दोन दिसले: पहिला आमचा, दुसरा ८.८.८.८, म्हणजे गूगलचा.

तो मीच टाकला होता. पावसाळ्यात सर्व्हर दिवसभर बंद पडला, सगळ्यांचं इंटरनेट गेलं, मी भरपूर बोलणी खाल्ली. मग डीएचसीपीत स्टेपनी म्हणून दुसरा पत्ता घातला. पण डीएनएसमध्ये स्टेपनी नसते. पहिल्याकडून साधारण सेकंदभरात उत्तर आलं नाही की विंडोज दुसऱ्याला विचारतं, आणि तो जे सांगेल ते खरं मानतं. गूगलने काही चुकीचं सांगितलं नव्हतं. 'इंटरनल' हे शेपूट २०२४ मध्ये आयकॅनने खाजगी नेटवर्कांसाठी राखून ठेवलं आहे, बाहेरच्या जगात ते नसणारच. तेव्हा त्याचं उत्तर: असं नाव नाही. उत्तरच आलं नाही तर विंडोज आणखी कुणाला तरी विचारतं. 'नाही' असं उत्तर आलं की शोध थांबवतं, आणि ते 'नाही' काही वेळ लक्षातही ठेवतं.

माझ्या मशीनची सेटिंग्ज मी कधीकाळी हाताने भरलेली. तिथे डीएनएस एकच, आमचा. तिथे हा घोटाळा होणंच शक्य नव्हतं.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. डीएचसीपीतून ८.८.८.८ काढलं, बाहेरच्या नावांसाठी तोच पत्ता आमच्या सर्व्हरवर फॉरवर्डर म्हणून दिला, बॅकअप रात्री दोनला हलवला. मॅडमच्या मशीनवर आयपीकॉन्फिग रिन्यू, मग फ्लशडीएनएस. पान उघडलं. खरा उपाय म्हणजे आपलाच दुसरा डीएनएस सर्व्हर. तो पुढे एका जुन्या पीसीवर उभा केला.

साहेबांच्या केबिनबाहेर मात्र बराच वेळ उभा होतो. आत जाऊन सांगितलं की चूक माझी होती, आणि मागच्या महिन्यात मॅडमबद्दल बोललो तेही खरं नव्हतं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

परत आलो तेव्हा मॅडम दुसऱ्या शिफ्टचा ओव्हरटाइम भरत होत्या. मी त्यांनाही सगळं सांगितलं.

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग आता ते प्रिंटरचं बघ," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्याकडे चालतोय, हे सांगू नकोस."