शेण गार झालं का?

ऊस तुटून गेला की पाचट पेटवून द्यायचं, ही आमच्या कोरेगाव भागातली जुनी सवय. मीही कैक वर्षं पेटवलं. मग एका हंगामात दोन किलो लाल गांडुळं आणली, आयसेनिया फेटिडा जातीची. गोठ्यामागे जांभळीच्या सावलीत दहा फूट लांब, तीन फूट रुंद वाफा केला. तळाला पाचट, वर त्याच दिवशीचं शेण. पाणी शिंपडलं, गांडुळं सोडली, गोणपाट टाकलं.

सकाळी बघते तर गांडुळं वाफ्याच्या कडा चढून बाहेर निघालेली. आतली एकमेकांना चिकटून मऊ गोळे झालेली, उग्र वास सुटलेला. सासूबाई आल्या, कोपरापर्यंत हात आत घातला आणि झटकन काढला. "अगं, चुलीवरच्या तव्यागत तापलंय की! ताजं शेण घातलंस व्हय?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओल्या कातडीनंच श्वास घेतं. कुजणाऱ्या शेणाच्या धगीत ते किती वेळ टिकणार?

दुसऱ्या खेपेला शेण सावलीत पसरून तीन आठवडे उलथत राहिले. पाचट बारीक तोडून शेणकाल्यात भिजवलं. वाफ्यातला मूठभर माल दाबला की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये, एवढंच पाणी. मुंग्या चढू नयेत म्हणून वाफ्याभोवती पाण्याची चारी काढली आणि मग गांडुळं पुन्हा सोडली. महिन्याभरानं गोणपाट उचललं तर लिंबासारख्या घाटाचे, पण ज्वारीच्या दाण्याहून बारीक, गांडुळांचे पिवळसर अंडकोष दिसले. तळहातावर घेऊन किती तरी वेळ बघत बसले. प्रत्येकातून दोन-चार पिल्लं निघतात.

दोन महिन्यांनी पाणी तोडलं. चार दिवसांनी खताचा ढीग केला, गांडुळं उजेडाला भिऊन तळाशी गेली आणि वरचं काळं, चहापत्तीसारखं खत मी चाळून घेतलं. त्याला पावसानंतरच्या मातीचा वास होता.

एक मात्र स्पष्ट सांगते. युरियात 46 टक्के नत्र असतं, गांडूळखतात जेमतेम दीड-दोन. पोत्याला पोतं तोलून हिशेब मांडाल तर हे खत हरेल. ते घालायचं जमीन भुसभुशीत होण्यासाठी, ओल धरण्यासाठी. माझ्या वांग्याच्या सरीत आता खुरपं सहज शिरतं.

तेव्हा पाचट जाळू नका. आणि गांडुळं आणायच्या आधी शेणात रोज हात घालून बघा. गार लागलं, तरच सोडा.