कूस देणारीचा विचार कोण करणार?

सरोगसीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: जायज की नाजायज? बहुतेक सुन्नी उलेमांनी ती नाजायज ठरवली आहे. नसबची, म्हणजे वंशाची, सरमिसळ होते हा त्यांचा मुख्य आक्षेप. इराणमधल्या अनेक शिया मुज्तहिदांनी काही अटींवर परवानगी दिली आहे. हा वाद चालत राहील. पण जिच्या कुशीवरून तो चालतो, तिच्या जिवाचे काय, हे विचारायला कुणाला सवड नसते.

भारतात सरोगसीचा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पैसे घेऊन दुसऱ्याचा गर्भ वाढवण्यावर त्याने बंदी आणली. आता फक्त वैद्यकीय खर्च आणि विमा मिळतो. दलालाला आळा बसावा हा हेतू चांगलाच. पण मग मागणी घरातूनच येऊ लागते. दीर गप्प बसून राहतो, सासूच्या डोळ्यांना पाणी येते. दलालाला नाही म्हणता येते. सासूला कसे म्हणणार?

ओळखीतल्या एका लेकुरवाळीला अशीच गळ घातली गेली. "आपा, सवाबचं काम आहे म्हणतात. नकार दिला तर गुनाह होईल का?" ती विचारत होती. तिची आधीची दोन्ही बाळंतपणे सिझेरियनची. ही गोष्ट घरात कुणी विचारातच घेतली नव्हती.

मी तिला फतवा सांगितला नाही, कायदा सांगितला. सरोगेट होणारी स्त्री २५ ते ३५ वर्षांची, विवाह झालेली आणि स्वतःचे मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच सरोगेट होता येते, प्रयत्न जास्तीत जास्त तीन. शरीर आणि मन दोन्ही तंदुरुस्त असल्याचा दाखला लागतो. तिचे स्वतःचे स्त्रीबीज वापरता येत नाही. दुष्परिणाम समजावून, तिला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी लागते. गर्भ गर्भाशयात सोडण्यापूर्वी केव्हाही ती माघार घेऊ शकते. गर्भपाताची सक्ती तिच्यावर कुणी करू शकत नाही. तिच्यासाठी ३६ महिन्यांचा विमा इच्छुक दांपत्याने काढायचा, त्यात प्रसूतीनंतरची गुंतागुंतही धरलेली असते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही आम्ही लिहून काढले. गर्भ एकच सोडणार ना? जुळे राहिले तर दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या स्त्रीच्या बीजाचा गर्भ असला की रक्तदाब वाढण्याची शक्यताही जास्त. तपासण्या किती दिवसांनी? जुन्या टाक्यांचे काय? अंथरुणाला खिळायची वेळ आली तर माझ्या मुलांकडे कोण पाहणार?

आपल्या परंपरेत दूध पाजणारीलाही आईचा मान आहे. हलीमा सादियांचे नाव प्रेषितांच्या चरित्रात किती आदराने घेतले जाते! दूध पाजणारीला मोबदला द्यावा, हेही कुरआनात आले आहे. मग नऊ महिने जीव पणाला लावणारीची बोळवण निव्वळ सवाबावर का?

बहिणींनो, सही करण्यापूर्वी एकदा डॉक्टरांशी एकटीने बोला. खोलीत सासू नको, नणंद नको, नवराही नको. तिथे तोंडातून "नाही" आले, तर तेच तुमचे उत्तर. त्यात कसलाही गुनाह नाही.