तासांची वही

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा वाहते, तिच्या दक्षिणेस सातपुड्याच्या रांगा आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी तापीचे काळ्या मातीचे सपाट खोरे आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी काही वर्षे नोकरीनिमित्त आमचे वास्तव्य शहादा तालुक्यात होते. तेथील लोकजीवनाविषयी पुष्कळ लिहिता येईल. परंतु या लेखात आम्ही एका अगदी साध्या वस्तूविषयी लिहिणार आहोत. ती वस्तू म्हणजे इंजिनातले तेल.

हा विषय घरातील कर्त्या पुरुषांनी व मिस्त्रींनी पाहावा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्या वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर ज्यांच्या घरची बोट समुद्रात जाते, त्या मायबहिणींना विचारावे. इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे त्या आम्हांपेक्षा अधिक चांगले सांगतील. शहादा परिसरात तेव्हा नदीनाल्यांवर डिझेलचे पंप धडधडत असत. वीज होती, पण तिचा भरवसा नव्हता. एका इंजिनावर तीन-चार घरांची शेती अवलंबून असे.

आमच्या शेजारच्या मळ्यातील इंजिन दुरुस्त करायला एक वयस्क मिस्त्री येत. घरात अहिराणी बोलणारा हा माणूस फारसा शिकलेला नव्हता. इंजिनाला हात लावण्याआधी तो पट्टी बाहेर काढून तेलाचा थेंब दोन बोटांत चोळी आणि मालकाला विचारी, ‘‘तेल काय सांगस?’’ मालकाला उत्तर देता येत नसे. मग मिस्त्री स्वतःच ते वाचून दाखवी. तेल दुधासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे. पट्टीवर तेलाची पातळी आपोआप वाढली, तर त्यात डिझेल मिसळते आहे. बोटांना कचकच लागली, तर धूळ गेली आहे. मात्र तेल काळे झाले म्हणून तो कधी घाबरत नसे. डिझेल इंजिनात काजळी तयार व्हायचीच. चांगल्या तेलात घातलेली द्रव्ये ती काजळी धरून ठेवतात, तिचा गाळ बसू देत नाहीत. म्हणजे काळे तेल हे बऱ्याचदा काम करणारे तेल असते. आम्ही मात्र तोवर काळे तेल म्हणजे वाईट तेल असेच ऐकत आलो होतो.

वंगणाचे काम केवळ ‘बुळबुळीत करणे’ एवढेच नाही. इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडले, तर आस फिरू लागताच त्यातून तेल उलट बाहेर येऊ लागले. भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर तेलाने ती वर ढकलून दिली. हे १८८३ सालचे संशोधन. पुढे १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. फिरणारा दांडा स्वतःच्या गतीने तेल ओढून पाचरीसारखे आत घुसवितो आणि त्या दाबावर तो अधांतरी तरंगतो. धातू धातूला टेकतच नाही. दोहोंमध्ये काही मायक्रॉन जाडीचा तेलाचा पापुद्रा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. इतक्या पातळ पापुद्र्यावर सगळे इंजिन उभे असते.

गावाकडची जुनी, लिस्टर धाटणीची इंजिने मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे घेत. त्यांत फिल्टर नसे. कनेक्टिंग रॉडला लावलेली पळी खालच्या तेलात बुडे आणि ते वर उडवी, तेवढ्यावर भागे. कचरा तळाशी बसे. पुढे वेगवान इंजिने आली. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली आणि तिची इंजिने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पोचली. वेगवान इंजिनात पंप तळातले तेल उचलतो, फिल्टरमधून ढकलतो आणि बारीक वाटांनी ते प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवितो. मोटारीसाठी तेलाचा फिल्टर प्रथम १९२३ साली अमेरिकेत निघाला. आजच्या फिल्टरमध्ये घड्या घातलेला कागद असतो. वीस-तीस मायक्रॉनचे बहुतेक कण तो अडवितो, त्याहून बारीक काही निसटतात. धुळीतील गारेचे कण लोखंडाहून कठीण असतात, आणि पापुद्र्याच्या जाडीएवढा कण सर्वांत घातक ठरतो. तो दोन्ही धातूंना एकाच वेळी ओरखडे काढतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. फिल्टर तेल नवे करीत नाही. तो फक्त मळ आपल्याजवळ साठवितो. साठवण भरली की त्यातून तेल जाईनासे होते. तेव्हा इंजिन कोरडे पडू नये म्हणून एक बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले तेल सरळ बेअरिंगकडे जाते. कोरडे राहण्यापेक्षा मळके तेल बरे, असा हा हिशेब आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या वेळी ना घंटा वाजते, ना दिवा लागतो, ना आवाज बदलतो. इंजिन कालच्यासारखेच चालत राहते. झीज मात्र त्या क्षणापासून सुरू झालेली असते.

हे आम्हांस समजले ते एका दुःखद प्रसंगातून. माघ संपत आला होता, गव्हाच्या ओंब्या भरत होत्या. तीन घरांच्या सामाईक इंजिनाला एका दुकानातून आणलेला नवा फिल्टर बसविला होता. खोक्यावर नामांकित छाप होती. महिन्याभरात इंजिन धरले. मिस्त्रीने करवतीने फिल्टर कापला, तर आतल्या कागदाच्या घड्या कोसळलेल्या आणि एका टोकाचा गोंद सुटलेला. माल नकली होता. तेल त्या फटीतून न गाळताच जात होते. बेअरिंग वितळले, क्रँकवर ओरखडे पडले. क्रँक घासून परत येईपर्यंत अकरा दिवस गेले. दोघांचे पाणी आधीच होऊन गेले होते. तिसऱ्या घराची पाळी यायची होती, त्या घरचा गहू चिमला. त्या उन्हाळ्यात ते कुटुंब मुलाबाळांसह गुजरातेत मजुरीला गेले. त्यांची मोठी मुलगी चौथीत शिकत होती. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही.

त्यानंतर मिस्त्रीने तिन्ही घरांसाठी एक वही घालून दिली. इंजिन सुरू केल्याची व बंद केल्याची वेळ तिच्यात लिहावयाची. कंपनीच्या पुस्तकातील तास भरले की तेल व फिल्टर बदलावयाचा. मग तेल कसेही दिसो. तेल गरम असतानाच काढावयाचे, म्हणजे तरंगता मळही बाहेर येतो. नरसाळे आधी पुसावयाचे. काढलेला प्रत्येक फिल्टर कापून घड्यांत चमकणारा चुरा दिसतो का, हे तिन्ही घरांनी मिळून पाहावयाचे. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलांकडे आले. आम्ही तेथे असेतो ते इंजिन पुन्हा धरले नाही.

काढलेल्या जळक्या तेलाचाही विचार हवा. वाळवी लागू नये म्हणून ते घराच्या लाकडाला फासतात, उरलेले ओढ्यात ओततात. त्यात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात. ते डब्यात साठवून शुद्धीकरणासाठी गोळा करणाऱ्यांकडेच जावयास हवे.

सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांची ३३ गावे बाधित झाली. नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर आजही बोटीने जावे लागते. २०२१ साली कोरोनाच्या लसीही तेथे बोटीने पोचविण्यात आल्या. अशा बोटीत अडलेली बाळंतीण असते, तापाने फणफणलेले मूल असते. त्यांच्यापैकी कोणीही इंजिनाची पट्टी काढून पाहत नाही, पाहू शकतही नाही. ते काम ज्याच्याकडे सोपविले आहे, त्याने तास मोजले आहेत यावर त्यांचा विश्वास असतो. आपल्या घरी इंजिन असो वा नसो, दुसऱ्याचा असा विश्वास आपणा प्रत्येकाकडे कोणत्या ना कोणत्या कामात सोपविलेला असतोच. तो सांभाळावयास मोठी विद्या लागत नाही. एक वही लागते, आणि ती रोज लिहिण्याची सवय.