चादर बदलताना



आज जरा लाज वाटेल असंच लिहिते आहे. गेल्या महिन्यात मी सासूबाईंवर ओरडले. त्यांचं वय ८८, दोन वर्षांपासून अंथरुणावर. सकाळी चादर बदलली होती, तासाभरात परत ओली. माझ्या तोंडून निघून गेलं, “पुन्हा?” शब्द एकच, पण दारात नात उभी होती आणि भांडीवाल्या मावशीही. आईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत. मी सामायिकाला बसले, पण मन लागेना.

त्याच आठवड्यात माझ्या शाळेतल्या सिस्टरना भेटायला गेले. वर्षातून दोनदा तरी जाते. पहिलीत त्या आमच्या वर्गशिक्षिका होत्या. मूळच्या वसईच्या, त्यामुळे इंग्रजी न कळणाऱ्या माझ्यासारख्या मुलींशी सरळ मराठीत बोलायच्या. पहिलीतच एकदा मला वर्गात बाकावर शू झाली. भीतीने मी उठेना. सिस्टरनी सगळ्या मुलींना मैदानावर पिटाळलं, दार लावलं, कपाटातून कोरडा स्कर्ट काढून दिला आणि स्वतः फरशी पुसली. मुली परत आल्या तेव्हा फळ्यावर बेरजा मांडलेल्या होत्या. कोणाला काही कळलं नाही. साठ वर्षं होत आली, मी विसरलेले नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या संघाने त्यांना वृद्धाश्रमात पाठवलं. मी एकदा विचारलं होतं, “तुम्हाला विचारलं होतं का?” त्या हसून म्हणाल्या, “सांगितलं. आज्ञापालनाचं व्रत घेतलंय ना!” दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्यांची तीन व्रतं. त्यांना वाटलं होतं, आश्रमात हिशेब किंवा वाचनालय मिळेल. मिळालं ते आजीआजोबांना भांडं द्यायचं काम. पहिल्याच दिवशी त्यांना उलटी झाली. ज्या आजींचं करत होत्या, त्या एकेकाळच्या सुईण. त्याच म्हणाल्या, “लाजू नकोस, मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं.” तीस-पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईंनी मग त्या आजींकडून सगळं शिकून घेतलं.

मी बी.कॉम., त्यामुळे पैशाचं डोक्यात येतंच. सिस्टरचा पगार कधीच त्यांच्या हातात राहिला नाही, तो संघाकडे गेला. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांचा पगार संघाला जात असला तरी त्यातून टीडीएस कापला जाणार. तेव्हा मी त्यांना ती बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, “मी तर निवृत्त. आणि पगार किती होता तेही आठवत नाही.”

त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एका बाईचं चित्र असतं. फ्रान्सच्या जान ज्युगां. सिस्टरचा संघ वेगळा, पण या बाईंवर त्यांची फार श्रद्धा. जान यांचा जन्म १७९२ चा. घरोघरी काम करून पोट भरणारी बाई. १८३९ च्या हिवाळ्यात त्यांनी एका आंधळ्या म्हातारीला घरी आणलं, स्वतःचा पलंग तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपल्या. मग आणखी म्हाताऱ्या आल्या. जान टोपली घेऊन दारोदार मागायच्या. त्यातून मोठा संघ उभा राहिला. १८६५ मध्ये त्या संघाने ठरवलं की कायमचं ठरावीक उत्पन्न घ्यायचं नाही. म्हणजे आपल्या भाषेत, व्याजावर जगायचं नाही, रोजचं रोज मागायचं. मला हे वाचून धडकीच भरली असती! पण जान यांना त्यांच्याच संघात प्रमुखपदावरून दूर केलं गेलं. शेवटची २७ वर्षं त्या गप्प राहिल्या. नव्या मुलींना ठाऊकही नव्हतं की ही म्हातारी संस्थापिका आहे. २००९ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

आता सिस्टर स्वतःच ८५ च्या आहेत. काठी घेऊन चालतात, खुर्चीत बसून नॅपकिनच्या घड्या घालतात. मीही घड्या घालायला बसले आणि घरचा प्रकार सांगून टाकला. वाटलं, म्हणतील, “होतं असं, बाळ, तूही थकली असशील.” त्यांनी विचारलं, “आईंची माफी मागितलीस?”

“नाही.”

“मग इथे काय करतेस?”

थोड्या वेळाने मी त्यांना तो पहिलीतला प्रसंग सांगितला. त्यांना आठवेना. म्हणाल्या, “पहिलीच्या वर्गात दर महिन्याला कोणी ना कोणी असायचंच. लहान काय आणि म्हातारं काय, ओलं झाल्याचं दुःख नसतं गं. लोकांनी पाहिलं याचं असतं.”

मग काठीने पलंग दाखवून शिकवलं. आधी दार लावायचं. काय करणार ते सांगायचं. अंगावर पांघरूण ठेवूनच माणसाला एका कुशीवर वळवायचं, ओली चादर पाठीपर्यंत गुंडाळायची, तिथेच कोरडी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. तोंडाने वेगळंच काही बोलत राहायचं, भाजीचं, पावसाचं.

आपल्याकडे सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा सांगितली आहे. आजारी मुनींची उलटी स्वतःच्या हाताने पुसणाऱ्या उद्दायन राजाची कथा मी पाठशाळेत मुलांना कितीदा सांगितली आहे. बसमध्ये तीच आठवत होती. कथा सांगायला सोपी हो.

घरी आले, हातपाय धुतले आणि आईंच्या खोलीत गेले. म्हटलं, “आई, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले. चुकलं माझं.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चादरीकडे हात करून हळूच म्हणाल्या, “आधी दार लावून घे.”

मी दार लावलं.