एका जागेची किंमत

पुलाला किती खर्च आला हे कंत्राटदाराच्या बिलांवरून कळतं. त्या पुलामुळे समाजाला किती मिळालं, हे कशावरून कळणार? झ्यूल द्युप्वी या फ्रेंच स्थापत्य अभियंत्यानं १८४४ साली या प्रश्नाचं पहिलं नेमकं उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की, जमा झालेला टोल म्हणजे पुलाचा लाभ नव्हे. एखादा माणूस पाचपट पैसे मोजूनही पलीकडे गेला असता, तो एकपट देऊन जातो. उरलेली चारपट त्याच्या पदरी पडते, पण टोलनाक्याच्या वहीत ती दिसत नाही. आणि जो टोल परवडत नाही म्हणून अलीकडेच थांबला, त्याचं नुकसान तर कुठल्याच वहीत नसतं. सार्वजनिक कामांचं खर्च-लाभ विश्लेषण या विचारातून सुरू झालं.

महाराष्ट्रात या प्रकारचा एक फार मोलाचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नावावर आहे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष आर्थिक परिणाम पुण्याच्या गोखले संस्थेनं त्यांच्या नेतृत्वाखाली गावोगाव फिरून मोजले, आणि १९४८ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. पाणीपट्टी किती जमली एवढ्यावर कालव्याचा हिशेब संपत नाही, हा त्याचा गाभा. अर्थशास्त्र शिकताना तो अहवाल माझ्या हाती आला. पुढे तंत्रशिक्षणावरच्या सरकारी खर्चाचा अभ्यास हेच माझं काम झालं, तेव्हापासून मला वाटत आलं आहे की आपल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे कोणीतरी तसं पाहायला हवं. कारण आज त्यांच्याबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. एका विद्यार्थ्यामागे खर्च किती? आणि पॅकेज किती? पहिल्या आकड्यानं दुसऱ्याला भागायचं आणि कॉलेज परवडतं की नाही ते ठरवायचं. हे दोन्ही आकडे चुकीच्या जागी मोजले जातात.

आधी खर्च. राज्याच्या अर्थसंकल्पात तंत्रशिक्षणाचं लेखाशीर्ष २२०३. त्यातला मोठा भाग पगारांचा. इमारतीचा भांडवली खर्च ४२०२ या वेगळ्या शीर्षाखाली जातो. सरकारी हिशेब रोखीचा असतो, ज्या वर्षी पैसे गेले त्या वर्षीचा तो खर्च. त्यामुळे घसारा हा प्रकारच दिसत नाही. वर्कशॉपमधलं तीस वर्षांपूर्वीचं लेथ मशीन डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मूळ किमतीला उभं असतं. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत ते कागदोपत्री जिवंत, आणि मुलं मात्र त्याच्याकडे बघून प्रॅक्टिकलची वही पूर्ण करतात. जागतिक बँकेच्या साहाय्यानं राबवलेल्या ‘टेक्विप’मध्ये संस्थांनी यंत्रसामग्री बदलण्यासाठी आणि देखभालीसाठी स्वतंत्र निधी उभारावेत अशी अपेक्षा होती. ती या पोकळीवरची अगदी योग्य जागची सूचना होती. जिथं तो निधी नाही, तिथं कॉलेज आहे त्यापेक्षा स्वस्त दिसतं.

जमिनीचंही तसंच. जुन्या शासकीय कॉलेजांचे विस्तीर्ण परिसर आज शहराच्या मध्यात आलेले आहेत आणि वहीत त्यांची किंमत जवळजवळ शून्य आहे. या जमिनीचा दुसरा उपयोग काय झाला असता, हे विचारलंच पाहिजे. पण कऱ्हाडला १९६० साली कॉलेज निघालं, औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) त्याच वर्षी, अमरावतीला १९६४ साली. तेव्हाच्या माळावर आज जो भाव आहे, त्यातला काही भाग कॉलेजमुळेच आलेला आहे. भाववाढ खर्चात धरायची, तर तेवढी लाभातही धरावी लागते.

आता खर्चाला ज्यानं भागायचं, तो भाजक. समजा एका कॉलेजात १२०० विद्यार्थी आहेत आणि वर्षाचा खर्च २४ कोटी. माणशी २ लाख, चार वर्षांचे ८ लाख. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. दरवर्षी ३०० जण प्रवेश घेतात आणि चार वर्षं सगळेच वर्गात असतात, पण पदवी २४० जणांनाच मिळते. मग एका पदवीधरामागे खर्च ८ लाख नाही, १० लाख. प्रत्यक्षात एटीकेटी, इयर डाऊन, मधेच सोडलेलं शिक्षण हे सगळं असाच फरक पाडतं. पहिल्या वर्षी गणित-मेकॅनिक्समध्ये अडकलेल्या मुलांसाठी संध्याकाळचे जादा वर्ग घेतले, तर त्यावरचा थोडा खर्च हा फरक झपाट्यानं कमी करतो. माझ्या मते अख्ख्या कॉलेजात यापेक्षा किफायतशीर खर्च दुसरा नाही, आणि नेमकी त्याच्यासाठी तरतूद नसते.

एक खर्च तर कोणीच मोजत नाही, तो विद्यार्थ्याच्या घरचा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं पाहा. त्यांना तेव्हाच चाकणला किंवा वाळूजला नोकरी मिळू शकत असते. पदवीसाठी ती आणखी तीन वर्षांचा पगार सोडतात. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ साली मानवी भांडवलाची कल्पना मांडली, तेव्हा शिकताना बुडालेली कमाई हा शिक्षणाचा फार मोठा खर्च आहे यावर त्यांचा भर होता. फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं, हे फक्त ज्या घरात पोराच्या पगाराची वाट पाहिली जात नाही तिथंच खरं असतं.

फीबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फी वाढवली की सरकारवरचा भार कमी होतो, समाजाचा खर्च तेवढाच राहतो. तो एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो इतकंच. ‘फी वाढवून कॉलेज परवडणारं केलं’ हे वाक्य म्हणूनच हिशेबाच्या भाषेत निरर्थक आहे. खरा प्रश्न फीमुळे अलीकडे थांबलेल्यांचा, द्युप्वीच्या पुलावर न चढलेल्यांचा.

आणि रिक्त पदं. पन्नास मंजूर पदांपैकी वीस भरलेली नाहीत, तासिका तत्त्वावर काम चाललं आहे, तर पगाराचं बिल उतरतं आणि माणशी खर्च कमी दिसतो. कागदावर हे कॉलेज कार्यक्षम ठरतं! तंत्रशिक्षण परिषदेचं (एआयसीटीई) प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. ते मोडलं की वाचलेला पगार दिसतो, न शिकवला गेलेला विषय दिसत नाही. मला या एका गोष्टीचा मनापासून संताप येतो. प्राध्यापक निवृत्त होतो, जागा भरली जात नाही, त्याच्याबरोबर एक प्रयोगशाळा कुलूपबंद होते आणि वार्षिक आढाव्यात ती बचत म्हणून नोंदली जाते.

आता लाभ. पॅकेजचा आकडा का चुकतो? समजा पुण्याच्या नामांकित सरकारी कॉलेजातून एक मुलगी वर्षाला १२ लाखांच्या नोकरीला लागली. ती सीईटीत ९९.८ पर्सेंटाइलवाली. हे कॉलेज नसतं तर तिचं काय झालं असतं? ती दुसऱ्या चांगल्या कॉलेजात गेली असती आणि बहुधा साधारण तेवढ्याच पगारावर लागली असती. कॉलेजमुळे तिला मिळालं ते १२ लाख नव्हे, दोन वाटांमधलं अंतर. मायकल स्पेन्स यांनी १९७३ साली दाखवलं की पदवी हा नोकरी देणाऱ्यासाठी खुणेचा शिक्काही असू शकतो. हुशारी आधीचीच, कॉलेजनं फक्त ती ओळखून दिली. तेवढा भाग शिकवण्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

हे अंतर मोजायची एक सरळ वाट आहे. शेवटच्या कॅप राउंडच्या कटऑफला चिकटून वर असलेली मुलं आणि अगदी काठावर खाली राहिलेली मुलं यांच्या बुद्धीत फरक नसतो, एखाद-दुसऱ्या प्रश्नाचा फरक असतो. एक गट आत गेला, दुसरा बाहेर राहिला. दहा वर्षांनी दोन्ही गट कुठं आहेत ते पाहिलं की कॉलेजनं काय दिलं ते बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं.

या मापानं पाहिलं की कॉलेजांची प्रतवारी बदलू शकते. १८५४ साली सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालची माणसं तयार करायला पुण्यात जो वर्ग निघाला, त्याचं पुढं सीओईपी झालं. विश्वेश्वरय्या तिथंच शिकले, आणि १९०३ साली खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. त्या एका विद्यार्थ्याच्या हिशेबात संस्था कित्येकदा फिटली असेल. पण आज पुण्यात अभियांत्रिकीच्या इतक्या जागा आहेत की तिथल्या सरकारी जागेला पर्याय सापडतो. चंद्रपूरला, जळगावला १९९६ साली शासकीय कॉलेजं निघाली. तिथल्या परिसरातल्या मुलासमोर पर्याय काय असतात? घरून शक्य असलेलं एखादं विनाअनुदानित कॉलेज, नाहीतर बीएस्सी, नाहीतर काहीच नाही. पॅकेज निम्मं असूनही तिथलं अंतर मोठं असू शकतं. सरकारच्या रुपयाचं खरं काम त्या अंतरात आहे, असं माझं ठाम मत आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि बंगलोर-मणिपालकडे जाणारी मराठी मुलं इथं थांबली. जागांची टंचाई त्या निर्णयानं बरीच भागवली. म्हणून ‘इंजिनिअर कमी पडतात’ हे शासकीय कॉलेजाचं समर्थन आता पुरत नाही. काही खासगी कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात, हे दर ऑगस्टमध्ये वाचायला मिळतंच. शासकीय कॉलेजानं स्वतःचं वेगळं कारण दाखवायला हवं. एक कारण वर आलं, पोहोच. त्यात वसतिगृह आलंच. सरकारनं २०२४ साली आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगला निर्णय. पण गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यातल्या मुलीला फी माफ झाली आणि वसतिगृहात खाट मिळाली नाही, तर तिच्यापुरती ती जागा नाहीच. बाहेर खोली आणि मेस यांचा खर्च काही ठिकाणी माफ झालेल्या फीपेक्षा जास्त होतो.

दुसरं कारण लोकांना फारसं माहीत नसतं. शासकीय कॉलेजाच्या स्थापत्य विभागात मागच्या दारानं टेम्पो येतात. त्यात १५० मिलिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे असतात, जिल्ह्यातल्या रस्ते-पुलांच्या कामांवरचे. सात आणि अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडायचे आणि किती भाराला फुटले ते लिहून द्यायचं. माती, सळ्या, डांबर हेही येतं. कॉलेजला त्याची थोडी तपासणी फी मिळते आणि वहीत तेवढाच लाभ दिसतो. पण त्या कागदाचं मोल फीत नाही. ज्याला ठेकेदाराशी किंवा खात्याशी देणंघेणं नाही अशा माणसाची सही, हे त्याचं मोल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा जुन्या पुलांची तपासणी कोण करणार हा प्रश्न राज्यभर उभा राहिला. तो पूल ज्या महामार्गावर होता, त्याच महामार्गावर लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. कऱ्हाडच्या कॉलेजाकडून पाटणमार्गे कोयनेला जाता येतं, जिथं ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर धरण मजबूत करावं लागलं. अशा प्रदेशात पाया, काँक्रीट, भूकंप समजणारी आणि बाजारापासून स्वतंत्र असलेली वीसेक माणसं एका जागी असणं ही विम्यासारखी गोष्ट आहे. विम्याचं मोल दावा न करता गेलेल्या वर्षांतही असतं. प्रयोगशाळा कुलूपबंद झाली म्हणजे काय जातं, ते हे.

मग काळाचा प्रश्न. खर्च चार वर्षांत, लाभ पुढची पस्तीस-चाळीस वर्षं. तीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत १० टक्के दरानं ५ रुपये ७३ पैसे, ५ टक्के दरानं २३ रुपये १४ पैसे. एकाच कॉलेजाला नफ्यात किंवा तोट्यात दाखवायला एवढी एक निवड पुरते. ब्रिटनचं अर्थखातं सार्वजनिक प्रकल्पांना साधारण ३.५ टक्के दर लावतं. आपल्याकडे भांडवल दुर्मीळ, म्हणून दर चढा ठेवावा हे मला मान्य आहे, पण रस्त्याला एक आणि कॉलेजला दुसरा दर लावू नये.

मुलं शिकून परदेशी निघून जातात, हा आक्षेप दरवेळी येतो. मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती यांनी सत्तरच्या दशकात अशा स्थलांतरितांवर कराची कल्पना मांडली होती. तत्त्वतः ती न्याय्य आहे. मात्र परदेशी जाण्याचं प्रमाण सगळ्या कॉलेजांत सारखं धरणं बरोबर नाही. अमरावती-जळगावच्या मेकॅनिकलच्या मुलाचा हिशेब आयआयटीच्या चष्म्यातून मांडला, तर आकडा त्या मुलावर अन्याय करतो.

या सगळ्यातून मी एका निष्कर्षाशी आलो आहे आणि तो अनेकांना आवडत नाही. प्रत्येक जिल्ह्याला नवं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जाहीर करणं हा आज सर्वांत महागडा मार्ग आहे. भूमिपूजन होतं, पदनिर्मिती रखडते, वर्ग दुसऱ्या संस्थेच्या इमारतीत भरतात, वसतिगृह पुढच्या टप्प्यात जातं. त्याच पैशात आहे त्या कॉलेजांतली मंजूर पदं भरली, खाटा वाढवल्या आणि प्रयोगशाळा चालत्या केल्या, तर जास्त मुलं पदवीपर्यंत पोहोचतील. स्थानिक लोकप्रतिनिधीला हे सांगणं अवघड जातं, कारण भरलेल्या पदाला कोनशिला नसते.

आणि मोजमाप सुरू करायचं, तर त्याची सामग्री कॉलेजातच पडून आहे. विद्यार्थी विभागाकडे प्रवेशाचा अर्ज असतो. त्यात गाव, पालकांचा व्यवसाय, उत्पन्नाचा दाखला. ट्रेनिंग-प्लेसमेंटच्या खोलीत पहिल्या कंपनीचं नाव आणि पगार. माजी विद्यार्थी संघाकडे दहा वर्षांनंतरचा पत्ता. तीन कपाटं, तीन लिपिक, एकमेकांचा संबंध नाही. पण तिन्हींवर विद्यार्थ्याचा पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) लिहिलेला असतो किंवा सहज लिहिता येतो. नावं झाकून हे कागद त्या क्रमांकावर जोडायचे, आणि कटऑफच्या जरा खाली राहिलेल्या मुलांची माहिती सीईटी कक्षाकडून मागून शेजारी ठेवायची. एका विद्यापीठातल्या एका विभागानं दोन वर्षं हे काम केलं, तर गाडगीळांनी कालव्यांसाठी जे केलं त्याची सुरुवात कॉलेजांसाठी होईल.